वाडी आणि वाडीतील माणसे

मुंबई बेटावरील ख्रिस्ती वस्तीचा इतिहास लिहावयाचा झाल्यास चर्चइतकेच वाड्या-पाखाड्यांकडेही पाहावे लागेल. गिरगावची खोताची वाडी, माझगावची माथारपाखाडी ही नावे आज उंच इमारतींच्या गर्दीत शोधावी लागतात. येथे आम्ही खोताच्या वाडीचा विचार करीत आहोत. कारण जुने राखावे की नवे उभारावे, हा प्रश्न तेथे प्रत्येक घराच्या उंबरठ्याशी येऊन ठेपला आहे.

वाडीचे नाव पाठारे प्रभू ज्ञातीतील दादोबा वामन खोत यांच्यावरून पडले. अठराव्या शतकाच्या अखेरीस खोतांनी आपल्या जमिनीचे तुकडे स्थानिक ख्रिस्ती कुटुंबांना विकले, असे परंपरेने सांगण्यात येते. पुढे ओटी, बाहेरच्या अंगाने चढणारा लाकडी जिना, वर कौले आणि मागे अंगण, अशी ही घरे. ओटीवर बसलेल्या माणसाचा गल्लीतून जाणाऱ्याशी सहज संवाद होई. जवळच्याच केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होत आहे. क्रूसापुढची प्रार्थना आणि चाळीतली आरती यांचे हे शेजार गिरगावाने पिढ्यान् पिढ्या सांभाळले.

बदल हा या समाजाला नवा नाही. गोवा, मंगळूर येथून ख्रिस्ती बांधव मुंबईत येऊ लागले, तेव्हा येथील मूळ ख्रिस्ती समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. म्हणजे आपले नावदेखील बदलत्या शहराचेच देणे आहे. माझगावचे सतराव्या शतकातील ग्लोरिया चर्च १९११ मध्ये पाडण्यात आले आणि भायखळ्यास नवी वास्तू उभी राहिली. वास्तू गेली, जागा बदलली. तरी उपासना करणारी मंडळी होती, म्हणून चर्चचे नाव व परंपरा टिकून राहिली.

आजच्या परिस्थितीत नेमका येथेच फरक पडतो. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. भाडेकरूला त्याने आधार दिला, हे नाकारता येणार नाही. परंतु तेवढ्या भाड्यात मालकाला कौले शाकारणेही परवडेना. वाड्या-चाळी खंगत गेल्या. दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये कायदा करून मंडळ नेमावे लागले. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्बांधणीसाठी वाढीव चटईक्षेत्र देऊ केले आणि जुन्या घराखालची जमीन घरापेक्षा कितीतरी मोलाची झाली. भाऊबंदांत वाटे पडलेले असले, मुले परदेशी असली, की विक्रीचा मोह आवरणे कठीण होते. वाडीत एके काळी सुमारे ६५ जुनी घरे होती असे सांगतात. आज त्यांतली निम्मीही शिल्लक नाहीत.

१९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली लागू झाली. अशी नियमावली करणारे मुंबई हे देशातील पहिले शहर. हे पाऊल स्वागतार्हच होते. तथापि घर पाडू नका, एवढे सांगून घर टिकत नाही. सागवानी वासा बदलण्याचा खर्च घरातल्या वृद्ध विधवेने करावयाचा आणि वाडीच्या सौंदर्याचे समाधान मात्र साऱ्या शहराने घ्यावयाचे, हा न्याय नव्हे. परवानगी नाकारल्यामुळे वारसा वास्तूच्या मालकाचा विकासहक्क बुडाल्यास तो अन्यत्र हस्तांतरित करून देण्याची तरतूद त्याच नियमावलीत होती. मात्र कागदपत्रे, वारसांच्या संमती आणि कचेरीचे खेटे यांतून सामान्य कुटुंबाला एकट्याने वाट काढणे सोपे नाही.

दुसरी बाजूही तितक्याच सहानुभूतीने पाहिली पाहिजे. दहा बाय बाराच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या, सामाईक संडासासाठी रांग लावणाऱ्या चाळकऱ्याला पक्के घर हवेसे वाटले, तर त्याला परंपरेचा शत्रू म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. २०२५ मध्ये गिरगावातून भुयारी मेट्रो धावू लागली. जमिनीचा भाव आता उतरेल, अशी आशा कोणी धरू नये.

म्हणून आमच्या मते खरा प्रश्न जुने की नवे हा नाही. बदलानंतर तेथे राहणार कोण, हा आहे. माणसे गेल्यावर उरलेली सुबक घरे म्हणजे केवळ देखावा; आणि शेजार मोडून उभारलेला मनोरा म्हणजे नुसता निवारा. धर्मग्रामांनी या कामी पुष्कळ करता येईल: बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदवह्यांतून घराण्यांचा इतिहास लिहून काढावा, वारसाहक्काच्या बाबतीत जाणत्या वकिलांचा सल्ला मिळवून द्यावा, आणि एकाकी वृद्धांना घर विकण्यापूर्वी विचारविनिमयासाठी चार विश्वासाची माणसे उपलब्ध करून द्यावीत. खोतांनी जमीन विकली तेव्हा तेथे एक शेजार वसला. आज आपण विकू, तेव्हा काय वसेल, याचा विचार करूनच सही करावी.