मोटारीची चकाकी आणि युद्धातली दारू

१/ १९२० च्या आसपास मोटार रंगवण्यास आठवडे लागत. कुंचल्याने दिलेले व्हार्निशचे थर अतिशय सावकाश वाळत. फोर्डची मॉडेल टी तर १९१४ पासून १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगातच मिळे.

२/ महायुद्धात स्फोटक दारू पुरवणाऱ्या ड्युपाँटने तिच्याच नायट्रोसेल्युलोजपासून ‘ड्युको’ हे लॅकर घडवले. १९२३ मध्ये जनरल मोटर्सच्या ओकलंड मोटारींवर निळे ड्युको झळकले.

३/ द्रावक उडून जाताच ड्युको वाळे. मात्र चकाकीसाठी ते घासून पॉलिश करावे लागे. घरी लॅकरने मोटार रंगवणारा हौशी माणूस आजही पातळ थर देतो, ओल्या वॉटर पेपरने घासतो आणि मग पॉलिश करतो.

४/ ग्राहकाला रंगांची गोडी लागली. १९२६ च्या मॉडेल टीसाठी फोर्डलाही काळ्याची सक्ती सोडावी लागली.