एकोणतीस मिनिटे, एकोणसाठ सेकंद

माझे मामा पळसदरीचे. रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत घाटातल्या रुळांवरच चालले. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जादा इंजिने लागतात, पळसदरीला खोपोलीचा फाटा वेगळा होतो आणि मुख्य मार्ग बोरघाट चढू लागतो. एवढ्या टापूतली मोरी न् मोरी त्यांना पाठ. १८६३ साली हा घाटमार्ग सुरू झाला. तो बांधणाऱ्या अभियंत्यांची नावे पुस्तकांत सापडतात, रूळ राखणाऱ्यांची सापडत नाहीत. आमच्याच भागातल्या एन. डी. स्टुडिओत 'जोधा अकबर'चे महाल उभे राहिले, मोठमोठे कॅमेरे आले. पण गँगमनच्या चाळीकडे कोणी कॅमेरा वळवला नाही. म्हणून एका संध्याकाळी मी माझा लेन्स बदलता येणारा, मुठीत मावणारा कॅमेरा घेऊन मामांसमोर बसलो.

मामा सव्वा तास बोलले. २६ जुलै २००५च्या पावसात घाटात दरडी कोसळल्या, त्या रात्री आपण कुठे होतो हे त्यांनी पहिल्यांदाच सविस्तर सांगितले. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो, कॅमेऱ्याकडे नाही. चहा घेऊन आलेली मामी म्हणाली, "तुझा लाल दिवा कधीचा विझलाय रे. मला वाटलं, तूच बंद केलास." कार्डावर होते २९ मिनिटे ५९ सेकंद. दरडीची रात्र त्यानंतरची होती. "पुन्हा सांगतो कधीतरी," मामा म्हणाले. पुढच्या आषाढात ते गेले.

बॅटरी शिल्लक होती, कार्डही रिकामे होते. मग कॅमेरा नेमका अर्ध्या तासाला एक सेकंद कमी असताना का थांबला? या प्रश्नाच्या मागे लागलो आणि उत्तर यंत्रशास्त्रात नव्हे, जकातीच्या नियमांत सापडले. १९९६च्या माहिती तंत्रज्ञान करारानुसार छायाचित्रे काढणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यावर आयातकर नव्हता. व्हिडिओ कॅमेऱ्यावर युरोपीय संघात तो होता. पुढे छायाचित्रांच्या कॅमेऱ्यातच व्हिडिओ आला, तेव्हा दोहोंतली सीमा कुठे आखायची असा पेच पडला. ठरले असे की, ठरावीक दर्जाचे चित्रण सलग तीस मिनिटे किंवा अधिक करू शकेल तो व्हिडिओ कॅमेरा. उत्पादकांनी मग तिसावे मिनिट पूर्णच होऊ द्यायचे नाही, असा मार्ग काढला. एका बाजारासाठी घातलेला हा बांध पुष्कळदा इतरत्र विकल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांतही राहिला. त्यातला एक पळसदरीपर्यंत आला.

चित्रणाला काळाची मर्यादा पूर्वीही होतीच, पण ती चित्रण करणाऱ्याच्या हाताला कळत असे. दादासाहेब फाळके यांचेच पाहा. चित्रपटात येण्यापूर्वी त्यांचा छपाईचा उद्योग लोणावळ्यात होता; तिथून मुंबईला उतरणारी गाडी याच घाटातून, पळसदरीवरून जाते. १९१२ साली ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतले. तो हाताने फिरवायचा. अशा कॅमेऱ्यात हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी टिपल्या जात. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चौकटी. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात, म्हणजे सेकंदाला एक फूट. या हिशेबाने चारशे फुटांचे रीळ पावणेसात मिनिटांच्या आत संपते. कोऱ्या फिल्मला कडेची छिद्रे पाडण्याचे काम सरस्वतीबाई अंधारात बसून करत. प्रत्येक फूट घरच्या कष्टाचा होता. हात थांबला की चित्रण थांबे. त्यामुळे ते थांबल्याचे माहीतच नाही, असे होण्याची सोय नव्हती.

हात थांबवणे हेसुद्धा फाळक्यांनी तंत्र म्हणून वापरले. कुंडीत वाटाणा पेरून त्याची वाढ त्यांनी एकेक चौकट घेत टिपली आणि महिनाभराचा काळ मिनिटाच्या आसपास आणून ठेवला. आज छोट्या कॅमेऱ्याच्या मेनूत 'टाइमलॅप्स' नावाने असते ती हीच युक्ती. कोल्हापुरात आनंदराव आणि बाबूराव पेंटर या मावसभावांनी तर कॅमेराच घडवायला घेतला. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी सहकाऱ्यांना घेऊन काम तडीस नेले. यंत्र स्वतः घडवणाऱ्याला ते कुठे अडते, हे दुसऱ्याने सांगावे लागत नाही.

बोलपट आला आणि हाताची जागा मोटरने घेतली. हाताचा वेग कमीजास्त झाला तर चित्र चालून जाई, आवाज मात्र बिघडे. म्हणून सेकंदाला चोवीस चौकटी पक्क्या झाल्या. १९३२चा प्रभातचा 'अयोध्येचा राजा' याच नव्या शिस्तीतला. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. दूरचित्रवाणीने इथे पंचवीस चौकटींचे माप घेतले, कारण आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. २००८ साली निकॉन डी-९० या छायाचित्रांच्या कॅमेऱ्यात व्हिडिओ आला, तोही एका वेळी पाच मिनिटांचा. पुढच्याच वर्षी पॅनासॉनिकच्या जीएच-१ने आतला आरसा नसलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या लहान कॅमेऱ्यात पूर्ण एचडी चित्रण आणले. माझा कॅमेरा त्याच वंशातला.

हे सारे वाचून मामांचे चित्रण पुन्हा पाहिले. त्यात ट्यूबलाइटच्या उजेडात त्यांच्या चेहऱ्यावरून काळसर पट्टे सरकतात. मी तीस चौकटी ठेवल्या होत्या, शटर एक साठांश सेकंदाचे. आपली साधी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते. पंचवीस चौकटी आणि एक पन्नासांश सेकंदाचे शटर ठेवले असते तर प्रत्येक चौकटीत बरोबर दोन उजाळे आले असते आणि पट्टे दिसलेच नसते. आवाजाची पातळीही मी कॅमेऱ्यावर सोपवली होती. मामा क्षणभर गप्प झाले की ती आपोआप वाढे आणि पंख्याची घरघर खोलीभर होई. मेनूतली ही प्रत्येक ओळ म्हणजे पूर्वी कोणीतरी माणसाने घेतलेला निर्णय आहे. तो आपण घेतला नाही, तर दुसऱ्या देशाची वीज आणि दुसऱ्या देशाची जकात तो आपल्यासाठी घेऊन ठेवते.

तो आयातकर आता इतिहासजमा झाला. २०१५च्या अखेरीस नैरोबीत कराराची व्याप्ती वाढली, कर टप्प्याटप्प्याने गेला आणि नव्या कॅमेऱ्यांतून तीस मिनिटांचा बांधही निघू लागला. माझा कॅमेरा मात्र जुनाच आहे. गेल्या दिवाळीत तोच घेऊन मामीसमोर बसलो. पंचवीस चौकटी, एक पन्नासांश शटर, आवाजाची पातळी हाताने लावलेली, पंखा बंद. मनगटावरचे घड्याळ समोर काढून ठेवले आणि दर वीस मिनिटांनी चित्रण थांबवून पुन्हा सुरू केले.

"सारखं काय दाबतोस?" मामीने विचारले. मी कारण सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग त्या रात्री मामा कंदील घेऊन बाहेर पडल्यापासून दुसऱ्या दिवशी दुपारी चिखलाने माखून परत येईपर्यंत घरात काय काय झाले, ते सांगू लागली. मामांनी पाहिलेली दरड तिच्या बोलण्यात नाही. ती गेली ती गेलीच. पण त्या रात्री चाळीतल्या कोणकोणत्या घरात चूल पेटली नव्हती, ते एकेका नावासह आहे. त्याचे तीन तुकडे झाले आहेत आणि तिन्ही माझ्याकडे आहेत.