जुन्नर द्राक्षपट्ट्यातील सायकलिंग

पिंपरी-चिंचवड व चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातून निघून पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील खेड, आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या डोंगराळ भागात, कमी वर्दळीच्या डांबरी रस्त्यांवर केले जाणारे लांब पल्ल्याचे सायकलिंग. पवनेच्या काठचे पिंपळे सौदागर हे उपनगर त्याचे सोयीचे प्रारंभस्थान आहे. वाकड–नाशिक फाटा रस्ता येथूनच जात असल्याने पुणे–नाशिक महामार्ग काही मिनिटांत गाठता येतो. येथून नारायणगाव सुमारे ७० किमी., तर जुन्नर सुमारे ८५ किमी. अंतरावर आहे. सरावलेला सायकलस्वार एका दिवसात जाऊन परत येऊ शकतो. मात्र द्राक्षपट्टा निवांत पाहायचा तर नारायणगाव, ओझर किंवा जुन्नर येथे मुक्काम करणे उत्तम.

भूरचना : या वाटेचे चढ-उतार नद्यांनी ठरवले आहेत. सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे वाहणाऱ्या पवना, इंद्रायणी, भामा, भीमा, घोड, मीना आणि कुकडी या नद्या दक्षिणोत्तर जाणाऱ्या रस्त्याला एकामागून एक आडव्या येतात. प्रत्येक नदीपाशी रस्ता उतरतो आणि पुढच्या खोऱ्यात शिरण्यासाठी पुन्हा चढतो. राजगुरुनगरच्या पुढचा खेड घाट ही त्यांतली सर्वांत ठळक चढण. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मी., तर जुन्नर सुमारे ६९० मी. उंचीवर आहे. दोहोंतला फरक थोडा वाटला, तरी मधल्या उतार-चढांमुळे प्रत्यक्ष चढाई त्याच्या कितीतरी पट होते. नवख्या सायकलस्वाराने परतीसाठी ताकद राखून ठेवावी, कारण हेच उतार तेव्हा चढ होऊन समोर येतात.

पार्श्वभूमी : पिंपरी-चिंचवडला सायकल परिचयाची झाली ती कामगाराचे वाहन म्हणून. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना उभा राहिला. पुढे भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथे उद्योग वाढले आणि पाळीच्या वेळी रस्ते सायकलींनी भरू लागले. त्यानंतर दुचाकी आणि मोटारी वाढल्या व कामाची सायकल मागे पडली. आजचा सायकलस्वार बहुधा आयटी किंवा वाहन उद्योगात नोकरी करणारा असून तो व्यायाम, साहस आणि भटकंतीसाठी सायकल चालवतो. स्पर्धात्मक सायकलिंगची परंपरा मात्र जुनी आहे. मुंबई–पुणे सायकल शर्यत १९४५ पासूनची असून तिच्यात बोरघाट सर्वप्रथम चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. जानेवारी २०२६ मधील पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय दर्जाची टप्प्याटप्प्यांची शर्यत पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातूनही गेली.

मार्ग : सरळ मार्ग नाशिक फाटा, भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव असा आहे. चाकणपर्यंतचा टप्पा कंटेनर, ट्रक आणि कामगारांच्या बसगाड्यांचा. सकाळच्या पाळीची वर्दळ सुरू होण्याआधी तो ओलांडणे हिताचे. पहाटे पाचला निघाल्यास हा भाग पथदिव्यांच्या उजेडात पार होतो आणि राजगुरुनगरच्या आसपास चांगले उजाडते. खेड घाट, मंचर आणि नारायणगाव येथे बाह्यवळण रस्ते झाल्याने वेगवान वाहतूक तिकडे वळली आहे. सायकलसाठी जुना रस्ता अधिक चांगला.

दुसरा मार्ग मोशीहून आळंदी, शेलपिंपळगाव आणि पाबळकडे वळतो. पाबळ येथे मस्तानीची समाधी आहे, तसेच डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेला विज्ञान आश्रमही आहे. तेथून उत्तरेला आंबेगाव तालुक्यात शिरता येते. हा मार्ग लांबचा, पण चाकणची कोंडी टाळणारा आहे.

खरी शांतता नारायणगाव सोडल्यावर लाभते. पूर्वेला खोडदजवळ जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप ही महादुर्बीण आहे. तिच्या प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० अँटेनांपैकी १४ येथे दाटीने उभ्या असून शेतातल्या रस्त्यांवरून त्या दुरूनच दिसतात. उत्तरेला येडगाव धरणाच्या बाजूने ओझर आणि पुढे लेण्याद्री ही अष्टविनायकांची दोन ठिकाणे येतात. जुन्नरला शिवनेरी किल्ल्याचा पायथा आहे. तेथून पश्चिमेचा रस्ता आपटाळेमार्गे नाणेघाटाकडे चढत जातो. सातवाहनकाळात कोकणातील बंदरांचा माल याच घाटाने जुन्नरला येत असे.

सरावासाठी जवळची वाट पश्चिमेची. हिंजवडी–मारुंजीमार्गे कासारसाई धरण किंवा सोमाटणे फाट्यावरून पवनानगर हे मार्ग शनिवार-रविवारी सायकलस्वारांनी गजबजलेले असतात. पिंपळे सौदागरच्या कडेने वाहणाऱ्या पवनेच्या उगमाकडे जाणाऱ्या या वाटेवर लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग हे किल्ले सोबतीला असतात. द्राक्षपट्ट्यात जाण्याआधी येथे चढणीचा अंदाज घेता येतो.

द्राक्षशेती व वाइन : भारतीय वाइनच्या आधुनिक इतिहासात नारायणगावचे स्थान मोठे आहे. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी येथे शातो इंडाज हा वाइन उद्योग उभारला. त्याची ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन परदेशातही विकली गेली. पुढे हा उद्योग थंडावला आणि वाइनचे केंद्र नाशिककडे सरकले. आज जुन्नर तालुक्यात मुख्यतः खाण्याची द्राक्षे पिकतात. येथील काळी जम्बो द्राक्षे निर्यातीसाठी प्रसिद्ध आहेत. कुकडी प्रकल्पातील धरणांचे पाणी, निचऱ्याची जमीन आणि कोरडी थंडी हा या शेतीचा आधार.

बागेची कामे वर्षात दोन छाटण्यांभोवती फिरतात. उन्हाळ्यात खरड छाटणी होते आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. दुसऱ्या छाटणीनंतर साधारण चार-पाच महिन्यांत घड काढणीला येतात. जानेवारीत अनेक बागांमध्ये घडांना कागद गुंडाळलेले दिसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याकडेला क्रेट भरले जातात.

हंगाम : सायकलिंगसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वोत्तम. हवा थंड व कोरडी असते आणि दृश्यमानता चांगली असते. पावसाळ्यात जुन्नरचा पश्चिम भाग अतिशय देखणा होतो, पण धुके, निसरडे रस्ते आणि माळशेज घाटाकडे जाणारी पर्यटकांची गर्दी यांमुळे जपून जावे लागते. मार्चनंतर सकाळी दहाच्या पुढे ऊन अंगाला लागते.

सायकल व तयारी : २८ ते ३२ मिमी. रुंदीचे टायर आणि चढणीसाठी हलके गिअर असलेली रोड बाइक किंवा हायब्रीड सायकल येथे योग्य ठरते. बाभळीच्या काट्यांमुळे पंक्चर नेहमीचे. म्हणून दोन जादा ट्यूब, पंप आणि टायर लिव्हर जवळ हवेत. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा आणि परावर्तक जॅकेट अत्यावश्यक. जुन्नर जाऊन-येऊन केलेला प्रवास २०० किमी.च्या ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीची, उत्तम पूर्वतयारी आहे. या ब्रेव्हेसाठी साडेतेरा तासांची मर्यादा असते.

धोके व शिस्त : जुन्नर परिसरात उसाच्या शेतांमध्ये बिबट्यांचा वावर असून माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र आहे. उसाच्या कडेचे रस्ते उजाडल्यावरच आणि शक्यतो सोबतीने पार करावेत. गाळप हंगामात विघ्नहर व भीमाशंकर साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांना अनेकदा मागे दिवे नसतात, म्हणून संध्याकाळी उशिरा प्रवास करू नये. बागेत फवारणी चालू असेल तर वाऱ्याची दिशा पाहून थांबावे. विचारल्याशिवाय बागेत शिरू नये व घडांना हात लावू नये. एका घडामागे शेतकऱ्याचे वर्षभराचे कष्ट आणि कर्ज असते. वाइन चाखायची असल्यास सायकल चालवून झाल्यावर, मुक्कामी.

इतर द्राक्षप्रदेश : इटलीतील किआंती भागात गायोले येथे १९९७ पासून ‘लेरोईका’ ही जुन्या सायकलींची स्वारी भरते आणि द्राक्षमळ्यांमधले पांढरे कच्चे रस्ते जपण्यास तिचा हातभार लागला आहे. महाराष्ट्रात वाइनगृहे आणि सायकलिंग यांची सांगड नाशिकमध्ये अधिक आहे. गंगापूर धरणाभोवतीचे व दिंडोरीकडचे रस्ते तेथील सायकलस्वारांचे सरावाचे आहेत. याच नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किमी.ची शर्यत दोघांच्या संघाने पूर्ण केली.

महत्त्व : जुन्नरचे रस्ते सर्वप्रथम शेतमालासाठी आहेत, सायकल तेथे पाहुणी आहे. तरीही सायकलस्वार गावात थांबतो, मिसळ-चहा घेतो, बागायतदाराकडून थेट द्राक्षे विकत घेतो आणि मुक्कामाला राहिल्यास कृषिपर्यटनाला हातभार लावतो. कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला आपण खातो ते फळ कुठे आणि किती कष्टाने पिकते, हे सायकलच्या वेगाने नीट दिसते. मोशी ते राजगुरुनगर या टप्प्यात सायकलसाठी सुरक्षित, अखंड कडेपट्टी झाली, तर हा अनुभव धाडसी मोजक्यांपुरता न राहता पिंपळे सौदागरच्या शाळकरी मुलांपर्यंतही पोहोचू शकेल.