आयर्लंडची क्रोशाची लेस

क्रोशा म्हटला कीं, रुखवतांत मांडलेला रुमाल किंवा मैत्रिणीच्या बाळासाठीं विणलेलें टोपडें डोळ्यांपुढें येतें. पण याच आंकडीच्या सुईनें एका देशांतील कित्येक घरांची चूल पेटती ठेवली, हें सहसा कोणाच्या ध्यानांत नसतें.

१८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडला. बटाटा हेंच गरिबांचें मुख्य अन्न. १८५२ पर्यंत सुमारें दहा लक्ष माणसें मृत्युमुखीं पडलीं. तितकींच किंवा त्याहून अधिक देशोधडीस लागलीं. अशा काळांत कॉर्कच्या उर्सुलाइन मठांतील जोगिणींनीं मुलींना क्रोशा शिकविला. क्लोन्स गांवीं धर्मोपदेशकाची पत्नी कॅसँड्रा हँड हिनें १८४७ त तेंच कार्य आरंभिलें.

नमुना व्हेनिसच्या लेसचा. परंतु सुईच्या टांक्यांपेक्षां क्रोशाचें काम पुष्कळ झटपट होई, आणि भांडवल काय तें एक सुई व दोरा. गुलाब, पान, वेल हीं सुटीं सुटीं विणावयाचीं व मग बारीक जाळीनें सांधावयाचीं. त्यामुळें काम वांटून घेतां येई: एकीनें फुलें करावीं, दुसरीनें पानें, तिसरीनें तीं जोडावीं. ती लेस श्रीमंत स्त्रियांच्या पोशाखावर शोभली. विणणारीच्या घरीं तिचें पीठ झालें.