पूर्णेकाठी, पौषातल्या रविवारी

साल १९०७. बैलगाड्यांच्या चाकोरीने तुम्ही अमरावतीकडून ऋणमोचनला पोचता, तेव्हा मुद्गलेश्वराच्या देवळापाशी पाय ठेवायला जागा नाही. पौषातल्या रविवारी पूर्णेत बुडी मारली की ऋण फिटतं, ही वऱ्हाडाची श्रद्धा. थंडीने दातावर दात आपटताहेत, तरी माणसांची रीघ काही आटत नाही.

उताराला लागताच तुमचा पाय सटकतो. मुळात काळी माती, त्यात ओल्या धोतरा-लुगड्यांचं पाणी गळून गळून तिची नुसती राड झालेली. एक म्हातारी न्हाऊन वर चढते अन् दोन पावलांत घसरते. तिला सावरायला एक माणूस धावतो. वय तिशीचं, अंगावर चिंध्या, जवळ एक मातीचं गाडगं. म्हातारीला वर बसवून तो पुन्हा टोपलं उचलतो आणि कोरडी माती उतारावर पसरतो. रिकामं टोपलं घेऊन जातो, भरून आणतो.

हा शेंडगावचा डेबूजी झिंगराजी जानोरकर. दोन वर्षांपूर्वी घरदार सोडून निघालेला. सावकाराच्या कर्जापायी मामाचं शेत गेलं, ते त्याने जवळून पाहिलंय. ऋणाचा भार या काठावर त्याच्याइतका कोणाला ठाऊक असेल? ‘गाडगेबाबा’ म्हणून अवघा महाराष्ट्र त्याला ओळखेल, पण ते पुढे.

“पाहत काय रायला बापू? धर ना टोपलं!” शेजारचा शेतकरी तुम्हाला म्हणतो.

तुम्ही धरता. मग पुढचा, त्याच्या पुढची बाई, तिचं पोर. कोण कोणत्या आळीचं, कोणी कोणाला शिवायचं नाही, हे विचारायला सवडच उरत नाही. टोपल्याची कड हाताला काचते, खांदे भरून येतात, आणि अंगातली थंडी कधी पळाली ते कळत नाही. मघाची म्हातारी आता काठी टेकत एकटी वर चढते. ते पाहून तुम्हाला जे वाटतं, ते बुडी मारून वाटलं असतं का, मला शंका आहे.

दिवस कलल्यावर भजन सुरू होतं. डेबूजी लोकांनाच प्रश्न विचारतो: नवसाचं बकरं देवाने मागितलं का? कर्ज काढून सण करायला कोणी सांगितलं? लोक हसतात, खाली बघतात, उत्तरं देतात. मग गोपाळाच्या नावाचा गजर उठतो आणि तुमचा आवाज त्यात मिसळतो. गाणारे अनोळखी नाहीत, दिवसभर त्यांच्याच हातातून तुमच्या हातात टोपली आलीत. माझ्या मते देव जवळ येतो तो इथे. सोबत राबलेल्या माणसांचा गजर नुसता कानात थांबत नाही, छातीत घुमतो.

तुम्ही पायाला हात लावायला वाकता, तर तो झटकन मागे सरकतो. पाया पडून घेणं त्याला मुळीच खपत नाही. ज्वारीची भाकर आणि बेसन तो आपल्या गाडग्यात घेतो आणि सगळ्यांत बसून जेवतो.

पुढच्या वर्षी, १९०८ साली, इथे बांधीव घाट होईल. तोवर टोपलीच. गाडी जुंपता जुंपता तो शेतकरी विचारतो, “येत्या आइतवारी येता ना? फावडं घेऊन येजा.”