अभियांत्रिकी पदवीचे नियम आणि त्यांतील अपवाद

चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही हे तालुक्याचे गाव भातसंशोधनासाठी विदर्भात परिचित आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे कृषी संशोधन केंद्र येथे आहे. गावाभोवती धानाच्या बांध्या आणि त्यापलीकडे जंगल पसरलेले आहे. अभियांत्रिकीची पदवी घ्यायची तर येथील विद्यार्थ्याला चंद्रपूर किंवा नागपूर गाठावे लागते. खोलीचे भाडे, खाणावळ आणि शुल्क यांचा हिशेब धानाच्या उत्पन्नावर बसवणाऱ्या घरात चार वर्षांची पदवी पाच वर्षांवर गेली, तर त्या एका वर्षाचा भार सगळ्या कुटुंबाला वाहावा लागतो. नियमात सवलत होती, पण ती ठाऊक नव्हती किंवा अर्जाची मुदत टळून गेली होती, एवढ्याच कारणाने वर्ष वाया जाणे हे नापास होण्यापेक्षाही अधिक खेदाचे. म्हणूनच अभियांत्रिकीच्या नियमांची आणि त्यांतील अपवादांची नीट ओळख करून घेणे अगत्याचे ठरते.

नियम कोणाचे?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यावर एकाच वेळी तीन यंत्रणांचे नियम लागू होतात. अभ्यासक्रमाला मान्यता, जागांची संख्या आणि किमान पात्रता या बाबी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद ठरवते. प्रवेशाची प्रक्रिया राज्य सरकारच्या अखत्यारीत असून राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष ती राबवतो. प्रवेशानंतरच्या परीक्षा, उपस्थिती, पुढील वर्षात जाण्याच्या अटी आणि पदवी यांचे नियम मात्र विद्यापीठ करते.

चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे पूर्वी नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात होते. २ ऑक्टोबर २०११ पासून त्यांच्यासाठी गडचिरोली येथे स्वतंत्र गोंडवाना विद्यापीठ कार्यरत झाले. तथापि महाविद्यालय या दोन जिल्ह्यांत आहे म्हणून ते गोंडवाना विद्यापीठाशीच संलग्न असेल, असे गृहीत धरता येत नाही. लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ राज्यभरातील तांत्रिक महाविद्यालयांना संलग्नता देते. याखेरीज स्वायत्तता मिळालेली महाविद्यालये परीक्षेचे नियम बऱ्याच अंशी स्वतः ठरवतात. परिणामी एकाच शहरातील दोन महाविद्यालयांत नापास विषयांच्या सवलतीचे नियम वेगळे असू शकतात. शेजारच्या महाविद्यालयातील मित्राच्या अनुभवावर विसंबून निर्णय घेणे त्यामुळेच धोक्याचे ठरते.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा कायदा १ मार्च २०१७ पासून अमलात आला. त्यानुसार विद्यापीठाचा कारभार परिनियम, अध्यादेश आणि विनियम यांद्वारे चालतो. शैक्षणिक बाबतीत विद्या परिषद आणि परीक्षांबाबत परीक्षा व मूल्यमापन मंडळ ही प्रमुख प्राधिकरणे होत. एखाद्या विषयावर नियम अस्तित्वात नसेल, तर कुलगुरू तात्पुरते निर्देश काढू शकतात. तातडीच्या प्रसंगी आवश्यक कार्यवाही करण्याचा अधिकारही कलम १२ अन्वये त्यांना आहे. अशी कार्यवाही पुढे संबंधित प्राधिकरणासमोर ठेवावी लागते. परीक्षेसंबंधी अनेक महत्त्वाच्या सवलती याच वाटेने आलेल्या दिसतात. म्हणून मूळ अध्यादेश वाचून भागत नाही. त्यानंतर निघालेले निर्देश आणि परिपत्रकेही पाहावी लागतात.

प्रवेशाच्या वेळचे अपवाद

प्रथम वर्षासाठी बारावीत संबंधित विषयांत एकत्रित किमान ४५ टक्के गुण लागतात. राज्यातील राखीव प्रवर्गांसाठी ही अट ४० टक्क्यांची आहे. जागावाटपात 'गृह विद्यापीठ' ही संकल्पना महत्त्वाची ठरत आली आहे. ज्या महाविद्यालयांना हा नियम लागू असतो, तेथे ७० टक्के जागा त्या विद्यापीठक्षेत्रातील आणि ३० टक्के जागा बाहेरील उमेदवारांसाठी राहत आल्या आहेत. राज्यातूनच दहावी व बारावी झालेल्या उमेदवाराचे गृह विद्यापीठ बारावीच्या महाविद्यालयाच्या ठिकाणावरून ठरते. त्यात मूळ गावाचा विचार होत नाही. अकरावी-बारावीसाठी नागपूरला गेलेला सिंदेवाहीचा विद्यार्थी यामुळे गोंडवाना क्षेत्राऐवजी नागपूर क्षेत्रात मोजला जाऊ शकतो. प्रवेशाच्या वर्षाची माहिती पुस्तिका वाचूनच पर्याय भरणे योग्य.

दुसरा मार्ग पदविकेचा. ब्रह्मपुरी वा गडचिरोली येथील शासकीय तंत्रनिकेतनातून तीन वर्षांची पदविका घेतलेल्या विद्यार्थ्याला पदवीच्या थेट द्वितीय वर्षात प्रवेश घेता येतो. मंजूर प्रवेशक्षमतेच्या १० टक्के अधिसंख्य जागा यासाठी असतात आणि प्रथम वर्षाच्या रिक्त राहिलेल्या जागाही उपलब्ध होतात. बारावीला गणित विषय असलेल्या विज्ञान शाखेच्या पदवीधरांसाठीही विहित अटींवर हा मार्ग खुला आहे. शिकवणी शुल्क माफी योजनेत प्रवेशक्षमतेच्या ५ टक्के अधिसंख्य जागा असतात आणि त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपेक्षा कमी असावे लागते. या जागेवर प्रवेश घेतल्यानंतर महाविद्यालय किंवा शाखा बदलण्यावर निर्बंध येतात, हे आधीच लक्षात घ्यावे.

एटीकेटी आणि 'कॅरी ऑन'

काही विषय राहिले असतानाही पुढील वर्गात बसण्याची मुभा म्हणजे एटीकेटी. ही नियमातच अंतर्भूत असलेली सवलत होय. तपशील विद्यापीठागणिक बदलत असला, तरी सर्वसाधारण चौकट ठरलेली आहे. द्वितीय वर्षात जाताना प्रथम वर्षाचे ठरावीक विषय शिल्लक चालतात. तृतीय वर्षात जाण्यापूर्वी मात्र प्रथम वर्ष पूर्ण उत्तीर्ण असणे बहुधा आवश्यक असते. हीच साखळी पुढे चौथ्या वर्षापर्यंत चालते. पहिल्या वर्षाच्या गणिताचा एक विषय तिसऱ्या वर्षाचे दार अडवतो, तो याच नियमामुळे. दुसऱ्या वर्षाच्या नव्या विषयांत जुना विषय मागे टाकणारा विद्यार्थी या टप्प्यावर नेमका अडकतो.

'कॅरी ऑन' हा या नियमाला दिलेला अपवाद. अभ्यासक्रम बदलला, निकाल लांबले किंवा परीक्षा विस्कळीत झाल्या, की एटीकेटीची अट एका वर्षापुरती शिथिल करावी अशी मागणी विद्यार्थी करतात आणि विद्यापीठे कधी ती मान्यही करतात. अशी मान्यता त्या सत्रापुरती, ठरावीक तुकडीपुरती असते आणि पुढील वर्षी तिचा आधार घेता येत नाही. मागच्या तुकडीला सवलत मिळाली म्हणून आपल्यालाही मिळेल, या भरवशावर अभ्यास लांबणीवर टाकणे हिताचे नाही.

अपवादालाही मर्यादा असते, हे करोनाच्या साथीत स्पष्ट झाले. २०२० मध्ये अंतिम वर्षाखेरीज अन्य विद्यार्थ्यांना परीक्षेविना पुढच्या वर्गात पाठवण्यात आले. अंतिम वर्षाच्या परीक्षाही रद्द कराव्यात, ही मागणी सर्वोच्च न्यायालयात गेली. २८ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की राज्ये परीक्षेची तारीख पुढे ढकलण्याची विनंती करू शकतात, परंतु परीक्षेविना पदवी देता येणार नाही.

पुनर्मूल्यांकनाचा निकाल प्रलंबित असताना पुढील वर्षाचा प्रवेश हाही नेहमीचा पेच. अनेक ठिकाणी अशा वेळी स्वतःच्या जबाबदारीवर तात्पुरता प्रवेश मिळतो. निकाल प्रतिकूल लागल्यास तो रद्द होतो. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क माहिती अधिकार कायद्याखाली परीक्षार्थीला आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

श्रेयांकांचा हिशेब

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात पदवीसाठी १६० श्रेयांक ठरवले. आठवड्याला एक तास व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक आणि दोन तास प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक, असा त्याचा हिशेब आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक 'स्वयम्' या शासकीय ऑनलाइन व्यासपीठावरून घेण्यास मुभा दिली. ही मुभा आपोआप लागू होत नाही. कोणता ऑनलाइन विषय कोणत्या विषयाऐवजी चालेल, हे महाविद्यालयाकडून नोंदणीपूर्वीच लेखी मान्य करून घ्यावे लागते. खंड पडल्यानंतर परतलेल्या विद्यार्थ्याला जुना अभ्यासक्रम बंद झालेला आढळला, तर समतुल्य विषयांची यादी विद्यापीठाकडून घ्यावी. एरवी उत्तीर्ण झालेला विषयही पुन्हा द्यावा लागण्याची वेळ येते.

पदवी किती वर्षांत पूर्ण करावी, यालाही सीमा आहे. आयोगाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नियमित कालावधीनंतर दोन वर्षे आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी एक वर्ष देता येते. आजारपणामुळे उपस्थिती ७५ टक्क्यांखाली गेल्यास वैद्यकीय प्रमाणपत्रावर सूट मागता येते. ते प्रमाणपत्र आजाराच्या काळातच सादर केलेले असावे. परीक्षेचा अर्ज अडल्यावर आणलेल्या कागदाला वजन राहत नाही. खंडाचा परिणाम शिष्यवृत्तीवरही होतो, कारण अर्जात खंडाचे स्पष्टीकरण द्यावे लागते.

अर्ज आणि दाद

कोणतीही सवलत तोंडी मिळत नाही. अर्ज प्राचार्यांमार्फत करावा, त्यात लागू असलेल्या निर्देशाचा वा परिपत्रकाचा क्रमांक व दिनांक नमूद करावा, पुरावे जोडावेत आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. खिडकीवरील लिपिकाने 'होऊन जाईल' असे सांगितले, तरी लेखी आदेश हाती येईपर्यंत सवलत मिळाली असे समजू नये.

अर्ज फेटाळला गेला, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार संस्थेच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येते. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल देणे अपेक्षित आहे. समाधान न झाल्यास १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. सिंदेवाहीहून गडचिरोली वा चंद्रपूरच्या कार्यालयात प्रत्येक खेपेला जाण्यात एक दिवस आणि एका दिवसाची मजुरी खर्ची पडते. कागदपत्रे पहिल्याच खेपेला पूर्ण असणे म्हणूनच अधिक महत्त्वाचे.

प्रवेश मिळताच संलग्न विद्यापीठाचे नाव, लागू अध्यादेश, एटीकेटीची अट आणि पदवीची कमाल मुदत या चार गोष्टी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला निकालाच्या दिवशी दारोदार फिरावे लागत नाही. सवलतीसाठी पात्र कोण आणि मुदत कोणती, हे त्याला आधीच माहीत असते.