शाळा-श्रेणी आणि पर्यायी शाळा (फ्लोरिडा)

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्य आपल्या सरकारी शाळांना दरवर्षी ‘ए’ ते ‘एफ’ अशी श्रेणी देते. नेहमीची शाळा सोडून पर्यायी शाळेत गेलेल्या विद्यार्थ्यांची कामगिरी या श्रेणीत कोणाच्या खात्यावर धरायची, हे ठरवणारी नियमव्यवस्था.

पार्श्वभूमी : गव्हर्नर जेब बुश यांच्या काळात, १९९९ मध्ये, ही श्रेणीपद्धत सुरू झाली. चाचण्यांतील संपादन, विद्यार्थ्यांची वर्षभरातील प्रगती, तळाच्या २५ टक्के विद्यार्थ्यांची प्रगती आणि हायस्कुलांच्या बाबतीत शालान्त प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांचे प्रमाण, हे तिचे प्रमुख घटक आहेत. सततची गैरहजेरी, शिस्तभंग किंवा अभ्यासातील पीछेहाट यांमुळे शाळा सुटण्याच्या बेतात असलेल्या मुलांसाठी जिल्हे पर्यायी शाळा चालवतात. अशा शाळेला नेहमीचीच फूटपट्टी लावली, तर सर्वांत अवघड काम करणारी शाळाच नापास ठरते. मूल्यमापनातून तिला वगळले, तर तिथल्या मुलांबद्दल कोणालाच जाब विचारता येत नाही.

श्रेणी की सुधारणा-मानांकन : या पेचावर कायद्याने पर्यायी शाळेपुढे दोन वाटा ठेवल्या आहेत. शाळेने नेहमीची श्रेणी स्वीकारली, तर विद्यार्थ्यांचे गुण फक्त तिच्याच खात्यावर धरतात. सुधारणा-मानांकन स्वीकारले, तर इंग्रजी व गणितातील प्रगती पाहून तिला ‘प्रशंसनीय’, ‘स्थिर’ किंवा ‘असमाधानकारक’ असा शेरा मिळतो आणि पात्र विद्यार्थ्यांची कामगिरी त्यांच्या मूळ शाळेच्या श्रेणीतही धरली जाते. पर्यायी शाळेत पाठवले नसते तर विद्यार्थी ज्या शाळेत गेला असता, ती त्याची मूळ शाळा. दोन्ही मुख्याध्यापकांनी वर्षातून एकदा विद्यार्थ्यासाठी कोणती शाळा योग्य, याची चर्चा करावी, असे बंधनही आहे. विद्यार्थ्यांचे गुण मूळ किंवा श्रेणीप्राप्त शाळेकडे न नोंदवणाऱ्या जिल्ह्याला चांगल्या कामगिरीबद्दल शाळांना पैसे देणाऱ्या राज्याच्या शाळा-गौरव योजनेच्या एका वर्षाच्या निधीवर पाणी सोडावे लागते. वारंवार किंवा गंभीर गैरवर्तनामुळे निष्कासनाच्या नियमाखाली आलेले, गळती झालेल्यांना परत आणणाऱ्या कार्यक्रमांतील आणि बालन्याय विभागाच्या कार्यक्रमांतील विद्यार्थी मात्र पात्र विद्यार्थ्यांतून वगळले आहेत.

उत्तीर्णतेचे प्रमाण : हा हिशेब २००८ च्या संघराज्य नियमांतून आला. नववीत एकत्र आलेल्या तुकडीपैकी किती जणांना चार वर्षांत नियमित प्रमाणपत्र मिळाले, हे त्यात मोजतात. प्रमाणपत्र देणाऱ्या दुसऱ्या शाळेत दाखल झाल्याची लेखी नोंद असलेला विद्यार्थी तुकडीतून वजा होतो. समजा, तुकडीत २०० मुले आहेत आणि १५० उत्तीर्ण झाली, तर प्रमाण ७५ टक्के. कच्च्या २० जणांना वेळीच दुसरीकडे पाठवले, की तेच १५० आता १८० पैकी मोजले जातात आणि प्रमाण ८३ टक्क्यांवर जाते. शिकवण्यात काहीच बदललेले नसते. ती २० मुले आता पर्यायी शाळेच्या तुकडीत असतात. प्रमाणपत्राला साधारणतः २४ श्रेयांक लागतात. सतराव्या वर्षी जेमतेम ९ श्रेयांक घेऊन आलेली मुलगी पाचव्या वर्षी उत्तीर्ण झाली, तरी चार वर्षांच्या हिशेबात ती अपयशीच ठरते. जीईडी ही समकक्ष परीक्षा दिली, तरी ती उत्तीर्णांत धरली जात नाही.

संघराज्य कायदा : २०१५ च्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स’ कायद्याने वाढीव वर्षांचे प्रमाणही जोडीला वापरण्याची राज्यांना मुभा दिली. एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक विद्यार्थी उत्तीर्ण न होणारी हायस्कुले व्यापक सुधारणेसाठी निवडली जातात. पर्यायी शाळा त्यात सहज सापडतात, म्हणून शिक्षणाकडे परतलेल्या किंवा फार मागे पडलेल्या मुलांच्या शाळांसाठी वेगळे उपाय योजण्याची सवलत कायद्यातच आहे.

आक्षेप : २०१७ मध्ये प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता संस्थेने ऑरलँडोतील हायस्कुलांबद्दल वृत्तांत प्रसिद्ध केला. मागे पडलेली मुले खासगी कंपन्यांनी चालवलेल्या, सरकारी पैशावरच्या चार्टर शाळांकडे जातात, तिथून अनेकजण शिक्षण सोडतात आणि मूळ शाळांचे आकडे चांगले राहतात, असे त्यात दाखवले होते. महाराष्ट्रातही शंभर टक्के निकालासाठी नववीतल्या कच्च्या मुलांना १७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसायला लावतात, ही तक्रार जुनी आहे. खासगी विद्यार्थ्यांचा निकाल मंडळ वेगळा जाहीर करत असल्याने तो शाळेच्या टक्केवारीत येत नाही.

महत्त्व : पर्यायी शाळेला तिच्या मुलांच्या प्रगतीवर जोखणे न्याय्यच आहे. पण मूल दुसरीकडे गेले म्हणून मूळ शाळेची जबाबदारी संपता कामा नये. फ्लोरिडाचा ‘मूळ शाळा’ नियम हे तत्त्व मान्य करतो, हे त्याचे खरे मोल. त्यातून वगळलेल्या गटांत मात्र ज्यांच्याकडे सर्वाधिक लक्ष द्यायला हवे, तीच मुले आहेत. त्यांचा हिशेब कोणत्या तरी शाळेकडे मागितला जाईपर्यंत ही व्यवस्था अपुरीच राहील.